पितळी कर्णा आणि काळी पेटी

इन्स्टाग्रामवर ‘अँटिक ग्रामोफोन’ शोधून पाहा. अष्टकोनी लाकडी पेटी, तिच्या कडांना फुलापानांच्या पितळी पट्ट्या, वर आरशासारखा चकाकणारा पितळी कर्णा आणि पुढे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चा कुत्रा. सोलापुरात हॉटेलांच्या रिसेप्शनवर, मंगल कार्यालयांतल्या सेल्फी पॉइंटवर हाच ऐवज दिसतो. हल्ली मित्रांच्या हॉलमध्येही यायला लागलाय. बघणारे त्याला जुन्या कारागिरीचा नमुना म्हणतात. माझ्या मते कारागिरी म्हणून पाहिलं तर ही वस्तू नापास आहे. नुसती नापास असती तर एवढं लिहायची गरज नव्हती. पण ती खऱ्या वस्तू खाऊन जगते.

आधी खरी सजावट कशी असते ते पाहू.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७चा. त्यात आवाज नळकांड्यावर उमटायचा. दहा वर्षांनी एमिल बर्लिनरने सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचं पेटंट घेतलं. दोन्हींत वीज नव्हती. तबकडीच्या खाचेतून सुई जाताना थरथरते, ती थरथर साउंडबॉक्समधल्या पातळ पडद्याला मिळते आणि कर्णा ती खोलीभर पोचवतो. म्हणजे कर्णा शोभेसाठी नव्हता. आवाज मोठा करायला त्याच्याशिवाय दुसरं काही नव्हतंच.

पण दिवाणखान्यात हा भोंगा अनेकांना खुपायचा. म्हणून १९०६ मध्ये अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीने व्हिक्ट्रोला काढला. कर्णा खाली वळवून लाकडी कपाटात लपवला आणि किंमत ठेवली २०० डॉलर. ते कपाट फर्निचर म्हणून देखणं होतंच, पण मला आवडतात ती त्याची समोरची छोटी दारं. दारं सताड उघडली की आवाज मोठा, लोटून घेतली की लहान. दार हाच व्हॉल्यूम कंट्रोल! पुढे १९२५ च्या ऑर्थोफोनिक मॉडेलमध्ये कर्णा किती वेगाने रुंद होत जावा, याचं गणित मांडून तो घडी घालून आत बसवला. कपाट एवढं मोठं का, याचं उत्तर फॅशनमध्ये नाही, त्या गणितात आहे.

हे परदेशातलं झालं. आपल्याकडची कसोटी हवी असेल तर मिरजेचा तंबोरा घ्या. त्याला लागणारे भोपळे आमच्याच जिल्ह्यातून, मंगळवेढा-पंढरपूरकडच्या शेतांतून मिरजेला जातात. तंबोऱ्यावर नक्षी असते, भोपळा आणि दांडी जुळते तिथे कोरलेली पानं असतात. पण ही नक्षी कुठे थांबते ते बघा. ती कडेकडेने जाते. तबलीचा मधला भाग बहुधा मोकळा असतो. घोडीवर जिथे जवारी लावायची, तिथे तर नक्षीला शिरकावच नाही. कारण आवाज कुठून येतो हे कारागिराला ठाऊक असतं, आणि त्याची सजावट त्या जागेचा मान ठेवते.

आता पुन्हा त्या अष्टकोनी पेटीकडे या. पेटीवरच्या पितळी पट्ट्या छापाने काढलेल्या आणि खिळ्यांनी ठोकलेल्या. लाकूड नवं, गडद पॉलिश मारून ‘जुनं’ केलेलं. कर्ण्याचा आकार आवाजासाठी नाही, फोटोसाठी ठरलेला. वरून सांगायचं १९०५ चं मॉडेल, आणि टर्नटेबलशेजारचा आर्म आणि साउंडबॉक्स १९३० नंतरच्या पोर्टेबल ग्रामोफोनचा. एकाच वस्तूत दोन तारखा भांडत असतात. अशा जोडकामाला परदेशी संग्राहकांनी ‘क्रॅपोफोन’ असं कुत्सित नाव ठेवलंय, आणि ही बरीचशी निर्मिती आपल्या देशातली आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर फ्रंटएंड नवा, बॅकएंड दुसऱ्याचा उचललेला.

हा बॅकएंड येतो कुठून? काळ्या पेटीतून.

एचएमव्हीचा १०२ हा पोर्टेबल ग्रामोफोन १९३१ साली आला. दिसायला प्रवासाच्या बॅगेसारखा: लाकडी पेटी, वर काळं रेक्झिन, कोपऱ्यांना धातूचे तुकडे. नक्षी नावालाही नाही. पण झाकण उघडा आणि नीट बघा. कर्णा पेटीतच आहे. त्याचं तोंड मागच्या बाजूला उघडतं आणि तिरकं उभं राहिलेलं झाकण आवाज पुढे फेकतं. त्याच झाकणात रेकॉर्ड ठेवायची सोय. चावी काढून आत अडकवायला जागा. एकही भाग एकाच कामावर समाधानी नाही. चांगलं डिझाइन शिकवायला मला याहून सोपं उदाहरण सापडलेलं नाही.

साखर पेठेत काकांकडे असा एक १०२ आहे. चावी दिली की बालगंधर्वांची एक बाजू, जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, आजही पूर्ण वाजते. मध्यंतरी एक खरेदीदार घरी आला. त्याला पेटी नकोच होती. “मोटर आणि आर्म काढून देतो का, डबा तुम्हीच ठेवा,” म्हणाला. काका मला म्हणाले, “अरे, तो तरी कर्णा लावून कुणाच्या घरात ठेवेल. इथे नुसती धूळ खातोय.” काकांचं चुकीचं नाही. साध्या पेटीला भाव नाही आणि घरात जागा नाही. मी एवढंच म्हटलं, “काका, द्यायचाच तर अख्खा द्या.” अजून काही ठरलेलं नाही.

कुणी म्हणेल, पितळ घडवणाऱ्या कारागिराच्या पोटावर का उठता? मी उठत नाही. कर्णा घडवणं हेही हाताचं काम आहे. त्याने तो नव्या मोटरवर बसवावा, ‘नवा शोभेचा ग्रामोफोन’ म्हणून विकावा; मी स्वतः कौतुक करीन. आक्षेप ‘अँटिक’ या शब्दाला आहे आणि वाजत्या यंत्राचं पोट फाडण्याला आहे.

तुम्हाला असा ग्रामोफोन घ्यायचाच असेल, तर फोटोवर भाळू नका. विकणाऱ्याला टर्नटेबल उचलून दाखवायला सांगा. फळीवर आधीच्या स्क्रूंची बुजवलेली भोकं दिसतात का, मोटरसाठीचं भोक घाईत कापलंय का, हे पाहा. मग एक रेकॉर्ड लावा आणि डोळे मिटा. पत्र्याचा डबा वाजल्यासारखं वाटलं, तर शेजारी धूळ खात पडलेल्या काळ्या पेटीची किंमत विचारा.