कुटीचा उभा छेद

सेवाग्रामच्या बापू कुटीचे फोटो आपण इतके पाहिलेले असतात की ती पाहिली असं आपण धरूनच चालतो. माझ्यासमोर आत्ता आहे ते तिचं तीन परींनी केलेलं वाचन : हातानं काढलेली रेखाटनं, संगणकावर उभं केलेलं मॉडेल आणि कागद कापून, घड्या घालून बांधलेली प्रतिकृती. हे काम माझ्या भाचीचं. आंजी (मोठी) गावची मुलगी, नागपूरला आर्किटेक्चर शिकते. असलेली एखादी वास्तू मोजायची, काढायची, संगणकात चढवायची आणि शेवटी कागदात बांधायची, असा तिच्या वर्गाला अभ्यास होता. तिनं मोठ्या शहरातली नावाजलेली इमारत घेतली नाही, आपल्याच वर्धा जिल्ह्यातली मातीची कुटी घेतली. या निवडीतच तिची नजर कळते, असं मला वाटतं. काचेची आणि काँक्रीटची इमारत रेघेत पकडणं सोपं, कारण ती मुळात रेघेतूनच जन्मलेली असते. कुडाचं घर हातातून जन्मलेलं.

कुटीची कुळकथा थोडक्यात सांगतो. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला शेगावला आले. गावाचं नाव सेवाग्राम झालं ते १९४० मध्ये. आश्रमातलं पहिलं घर म्हणजे आदि निवास. आज आपण बापू कुटी म्हणतो ती मुळात गांधीजींच्या शिष्या मीराबेनची झोपडी. पुढे गांधीजी तिथे राहायला गेले आणि गरज पडेल तशी तिच्यात भर पडत गेली. बांबू, लाकूड, माती, शेण, कवेलू, सगळं सामान इथलंच.

भाचीच्या कामातला पहिला कागद तळाचा नकाशा. त्यावर मी फार रेंगाळलो नाही, तरी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्रत्येक खोलीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक फिकट तिरपी रेघ आहे आणि तिच्यावर माप लिहिलेलं आहे. खोलीच्या चारी बाजू मोजल्या म्हणजे खोली कळली असं होत नाही. बाजू तेवढ्याच ठेवूनही चौकोन कलंडू शकतो. कर्ण मोजला की मगच कोपरा काटकोनात आहे की नाही ते उघड होतं. मातीच्या घरात तो बहुतेकदा नसतोच. बरेच विद्यार्थी घरी येऊन ही तफावत गुपचूप सरळ करून टाकतात. हिनं तशीच ठेवली.

खरी मेजवानी आहे ती उभ्या छेदात. घर वरून खाली कापलं आणि अर्धं बाजूला केलं तर आत जे दिसेल ते रेखाटन. कापलेल्या भिंती, आढं, जोतं जाड रेघेत. कापाच्या पलीकडे दिसणारं सगळं बारीक रेघेत. आणि त्या खोलीत जमिनीवर बसलेला एक माणूस, त्याच मापात काढलेला. छेदात माणूस घालायची पद्धत जुनीच आहे, पण तो जवळपास नेहमी उभा असतो. इथे तो मांडी घालून बसला आहे. डोळ्याची पातळी दाखवणारी तुटक रेघ जमिनीपासून पाऊण मीटरवर येते.

"मामा, आधी उभा माणूस काढला होता मी," ती सांगत होती. "तर पूर्ण खोलीच चुकल्यासारखी दिसायला लागली. छप्पर ठेंगणं, भिंत रिकामी."

मी तिला विचारलं, "मग?"

"मग त्याला खाली बसवलं."

एवढ्या एका बदलानं छेद बोलायला लागतो. उतरतं छप्पर आता डोक्यावर येत नाही, अंगावर पांघरल्यासारखं होतं. भिंतीचा जो भाग उभ्या माणसाच्या कमरेखाली जाऊन हरवला असता तो बसलेल्याच्या नजरेसमोर येतो. हे घर कुणाच्या नजरेच्या उंचीला बांधलं आहे हे मला इतकी वर्षं तिथे जाऊनही कळलं नव्हतं. त्या पेन्सिलीच्या छेदानं ते दाखवलं. वास्तूबद्दल लिहिणाऱ्यानं दहा पानं खर्चावीत तेव्हा कदाचित हाती लागेल असं हे वाचन आहे.

संगणकावरच्या मॉडेलबद्दल माझ्या मनात आधी अढी होती, हे खरं. मातीची भिंत संगणकात गेली की ती आरशासारखी सपाट होते, आणि एकच कवेलू हजार वेळा उमटवलेलं छप्पर पाहून जीव उबगतो. भाचीनं हा मोह टाळला आहे. स्केचअपमध्ये तिनं छप्पर साधं, कोरं ठेवलं. एकही कवेलू नाही, मातीचा आयता पोतही नाही. संगणकाला जे नीट येतं तेवढंच तिनं त्याच्याकडून करून घेतलं : ऊन.

सेवाग्रामचा अक्षांश साधारण पावणेएकवीस अंश उत्तर. म्हणजे आपण कर्कवृत्ताच्या खाली आहोत आणि सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि परतताना जुलैच्या मध्यानंतर. वर्ध्याचा मे कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. मॉडेलमध्ये ती तारीख आणि दुपारची वेळ घातली की भिंतीवर उन्हाचा कवडसाही पडत नाही. सगळी आग छपरावर. मग तिनं तारीख फिरवून डिसेंबरच्या अखेरीला आणली. आता भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून सेहेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो. या कोनाची गंमत अशी की दक्षिणेच्या भिंतीपुढे छप्पर जेवढं बाहेर आलेलं असेल, जवळजवळ तेवढीच भिंत वरून सावलीत राहते आणि त्याखाली ऊन पोचतं. छपराचं पाखं किती बाहेर काढायचं हे गवंड्या-सुतारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. ते कशामुळे बरोबर आहे, हे हलत्या सावलीत डोळ्यांनी पाहायला मिळालं. कागदावरचं रेखाटन एका क्षणी थांबलेलं असतं. वर्ष फिरवून दाखवणं हे संगणकाचंच काम, आणि तिथे मी त्याला मनापासून दाद देतो.

मात्र माझ्या लेखी या सगळ्याचा कळस कागदाच्या प्रतिकृतीत आहे. प्रमाण एकास पन्नास, म्हणजे खऱ्यातला एक मीटर इथे दोन सेंटिमीटर. वीस सेंटिमीटर जाडीची भिंत चार मिलिमीटरची होते. एकेरी कागदाची भिंत उभी केली तर ती पत्र्यासारखी दिसते, मातीची वाटत नाही. म्हणून प्रत्येक भिंत ही घडी घालून केलेली पोकळ पेटी आहे. दाराखिडकीपाशी ही जाडी दिसते आणि तिथेच घर खरं वाटायला लागतं.

कागद तिनं हातकागद घेतला. गिरणीच्या कागदाला वीण असते, तंतू एका दिशेनं झुकलेले असतात. विणीच्या बाजूनं घडी स्वच्छ पडते, आडवी घातली तर कड फुटते. हातकागदात तंतू सगळीकडे पसरलेले असल्यामुळे दोन्ही बाजूंनी घडी सारखीच वळते. पृष्ठभागही किंचित उंचसखल, सारवलेल्या भिंतीच्या जवळ जाणारा. वर्ध्याला तर हातकागदाची परंपराच आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघानं अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली वर्ध्याच्या मगनवाडीत हा उद्योग पुन्हा उभा केला. तिथल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हातून झालं. कुटीच्या प्रतिकृतीला हा कागद लाभावा यात औचित्य आहे, पण भाचीनं तो औचित्यासाठी निवडला नव्हता. घडी फुटत नाही म्हणून निवडला होता. हे कारण मला जास्त आवडलं.

छप्पर खोक्याच्या पुठ्ठ्याचं. पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आतली लहर उघडी पडते. बारीक लहरीच्या पुठ्ठ्यात दोन लहरींमधलं अंतर सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास असतं. एकास पन्नासमध्ये ते सोळा सेंटिमीटर झालं, म्हणजे हातकवेलूच्या ओळीइतकं. लहरी आढ्यापासून पाख्याकडे उतरत्या ठेवल्यात, जसं पाणी उतरेल तशा. आता अडचण अशी की लहरीचा पुठ्ठा लहरीच्या दिशेनं ताठ असतो, आडवा मात्र लगेच लवतो. तो सरळ राहावा म्हणून तिला खालून आडव्या कागदी पट्ट्या द्याव्या लागल्या. खऱ्या छपरातही उतरत्या लाकडांवर आडव्या पाट्या येतात आणि त्यांवर कवेलू बसतात. कुठलंही पुस्तक न उघडता, केवळ पुठ्ठा लवला म्हणून, ती त्या सुताराच्या क्रमापर्यंत पोचली. संगणकात छप्पर हवेतही तरंगतं. कागद तरंगू देत नाही.

घन आकार सपाट कागदावर उलगडून मांडायची कल्पना जर्मन चित्रकार ड्यूररनं १५२५ च्या आपल्या भूमितीच्या ग्रंथात छापली होती. चारशे वर्षांनी जर्मनीतल्या बाउहाउस शाळेत जोसेफ आल्बर्स विद्यार्थ्यांच्या हातात नुसता कागद द्यायचा आणि वाया न घालवता त्यातून काही उभं करा म्हणायचा. आपल्याकडेही हा विचार परका नव्हता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समितीनं नई तालीमचा, म्हणजे हस्तोद्योगातून शिकवण्याच्या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचा, अभ्यासक्रम आखला. त्यात पुठ्ठाकाम हस्तोद्योगांत होतं, आणि चित्रकलेच्या उद्दिष्टांमध्ये सौंदर्यदृष्टीबरोबर जी वस्तू बनवायची तिचं कामाचं रेखाटन काढता येणं हेही धरलेलं होतं. पुढे १९४४ मध्ये शांतिनिकेतनहून आलेले देवी प्रसाद सेवाग्रामच्या मुलांना चित्रं आणि मातीकाम शिकवत राहिले. काढणं आणि बनवणं यांच्या मधली भिंत नंतरच्या आपल्या शाळांनी घातली, आणि त्यात चित्रकलेचा तास फुलदाणीपुरता उरला. मला याचं वाईट वाटतं.

आता एक भिंत जवळून पाहू. कुटीच्या आत मीराबेननं मातीतच उठावाची चित्रं काढली आहेत. उंच ताडासारखी झाडं, चरखा. रंग वेगळा नाही, माती तीच. फक्त पृष्ठभाग बोटभर वर येतो. ही नक्षी तिन्ही कामांत कशी उतरली ते पाहण्यासारखं आहे. रेखाटनात ती बाह्यरेषा झाली, सुबक पण कोरडी. संगणकात तिचा फोटो भिंतीवर डकवला गेला. तो सगळ्यात हुबेहूब आणि सगळ्यात निर्जीव, कारण सूर्य फिरवला तरी फोटोतली सावली जागची हलत नाही. कागदात तिनं भिंतीचा तुकडा उलटा ठेवला, खाली मऊ कापड घेतलं आणि शाई संपलेल्या बॉलपेननं मागून दाबत दाबत झाडं वर काढली. समोरून उजेड पडला तर तिथे काही नाही. दिवा बाजूला नेला की झाडं उगवतात. मीराबेनची चित्रंही अशीच आहेत, तिरप्या उजेडाची. अर्ध्या मिलिमीटरच्या फुगवट्यात भाचीनं त्यांचं मर्म पकडलं.

कामात उणीव नाही असं नाही. प्रतिकृतीखालची जमीन नुसता पांढरा पुठ्ठा आहे. कुटीला अंगणापासून तोडता येत नाही, झाडांची सावलीही तिच्या गारव्यात सामील आहे. दुसरं म्हणजे छप्पर पक्कं चिकटवून टाकलंय. आत इतक्या निगुतीनं काढलेली झाडं पाहायला खिडकीतून डोळा लावावा लागतो.

आणि एका मुद्द्यावर आमचा वाद झाला. छेद कुठून घ्यायचा? तिनं घेतला तो गांधीजींच्या बैठकीतून. साहजिक आहे, सगळ्यांचे डोळे तिथेच जातात. पण जानेवारी १९७८ मध्ये विचारवंत इव्हान इलिच सेवाग्रामला आला, त्या कुटीत बसून राहिला आणि नंतर तिचं वर्णन करताना त्यानं सात प्रकारच्या जागा मोजल्या. चपला काढून मन सावरायची जागा, मधली मोठी खोली, गांधीजींची बसायची जागा, पाहुण्याची खोली, आजाऱ्याची खोली, पडवी, न्हाणीघर. एवढ्याशा घरात आजाऱ्याला स्वतंत्र खोली. माझं म्हणणं, सुरी तिथून चालव. तिचं म्हणणं, तिथून कापलं तर मीराबेनची भिंत पाठीमागे जाते. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून आता दुसऱ्या छेदाची तयारी चालू आहे. या वेळी आत बसलेला माणूस नसेल, बाजेवर निजलेला असेल, आणि डोळ्याची तुटक रेघ आणखी खाली येईल.