तेरा कोटींचा हिशेब आणि ओतूरचा मंत्र

मागे एकदा घोडेगावला आमचं बोलणं संपल्यावर एक वृद्ध शेतकरी शेजारी येऊन बसले. वय अठ्ठ्याहत्तर. पिशवीत जपाच्या वह्या, तारीखवार आकडे लिहिलेल्या. म्हणाले, "सर, तेरा कोटी जप झाला की परमचैतन्याचा साक्षात्कार होतो म्हणतात. माझा सव्वा कोटी झालाय. आता पोचायचं कसं?" आजचं बोलणं त्या प्रश्नाबद्दल आहे.

तेरा कोटी हा आकडा येतो समर्थांच्या कथेतून. नाशिकजवळ टाकळीला त्यांनी बारा वर्षांत त्रयोदशाक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप केला, असं परंपरा सांगते. आता जरा हिशेब करून बघा. रोजचे साडेएकोणतीस हजारांहून जास्त जप होतात. एकाला दोन सेकंद धरले तरी रोज साडेसोळा तास झाले, आणि त्यात माधुकरी, स्नान, झोप बसवायची! कथा खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही. पण तिथे आकडा ध्यास किती होता ते सांगतो. तो टोलनाक्यावरचा दर नाही, की एवढे भरले म्हणजे फाटक उघडलं.

वेदान्तात हा वाद जुनाच आहे. मंडनमिश्रांचं म्हणणं असं, की महावाक्य ऐकून झालेलं ज्ञान परोक्ष असतं, त्याची पुनःपुन्हा आवृत्ती केली तरच ते साक्षात होतं. सुरेश्वराचार्यांनी 'नैष्कर्म्यसिद्धी'त ही बाजू खोडून काढली. आवृत्तीने मन एकाग्र होईल, पण जे मुळात कळलं नाही ते शंभरदा म्हटल्याने कळेल कसं? त्यामागे शंकराचार्यांचा मुद्दा आहे: जे कर्माने उत्पन्न होतं ते नाश पावतं. चैतन्य 12,99,99,999 व्या जपापर्यंत नव्हतं आणि पुढच्या एका जपाने आलं, असं धरलं तर ती तयार झालेली वस्तू ठरली. मग ती जाणारही. आणि ते आधीपासून आहेच म्हणाल, तर जपाचं काम फक्त आडपडदा दूर करण्याचं. तो किती जपांनी दूर होईल, हे कोण ठरवणार? नोकरीत असताना आम्ही वर्गात सुरेश्वरांची बाजू अगदी त्वेषाने मांडायचो. आता वय झाल्यावर मंडनमिश्रांचंही थोडं पटतं. जुनी सवय एका ऐकण्याने सुटत नाही हो.

आता तुमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात चला. ओतूरला मांडवीकाठी, कपर्दिकेश्वराजवळ, बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांना स्वप्नात 'रामकृष्णहरि' मंत्र देणारे ते हेच, अशी श्रद्धा. या गुरुपरंपरेच्या नावांतच 'चैतन्य' आहे, ते सोडा. तुकोबांच्या अभंगातला तपशील बघा. माघ शुद्ध दशमी आहे, गुरुवार आहे. गुरूंनी जेवणासाठी मागितलेलं पावशेर तूप आहे, आणि ते द्यायचं राहून गेलं ही कबुलीही आहे. तुपाचं वजन आहे, पण जपाची संख्या नाही! सेवा घडली नाही तरी कृपा झाली, असंच ते सांगतात. मंत्र म्हणावा, तर आधीपासून आवडीचाच.

कुणी म्हणेल, संख्या सोडा, शुद्ध उच्चाराची कंपनंच सगळं करतात. त्यांनी ओतूरहून आळ्याला जावं. पैठणला ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखी वेद वदवले, त्या रेड्याची समाधी तिथे दाखवतात. उच्चारातच सगळं असतं, तर त्या कथेत पंडितांना मान खाली घालावी लागली नसती. त्यांचा उच्चार काय कमी शुद्ध होता?

घोडेगावच्या त्या गृहस्थांना आम्ही विचारलं, जप करताना नेमकं होतं काय? थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंडळी गेली त्या रात्री रात्रभर नाम घेत बसलो होतो. माळ हातात नव्हती. त्या रात्रीचा आकडा वहीत नाही. तेवढा धरायचा का?"

आम्ही म्हटलं, "बाबा, वह्या राहू द्या. ती रात्र सांगा." ते बोलत राहिले, आम्ही ऐकत राहिलो, आणि मंचरची शेवटची एस.टी. चुकली.