टिळकांचे अभंग : वाचायचे की गायचे?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना 'फुलामुलांचे कवी' म्हणून आपण पाठ्यपुस्तकात मानाने बसविले, आणि १८९५ मधील बाप्तिस्म्यानंतरची त्यांची भक्तिरचना मात्र 'त्यांच्या समाजाची' म्हणून बाजूला सारली. हा अन्याय खरा. पण 'अभंगांजली' एका बैठकीत वाचून पाहिली, तर वाचक थोडा कंटाळतो हेही खरे. तीच विनवणी, तीच माउलीची हाक, उपमाही त्याच त्या. मग या कवितेचे मोठेपण कशात मानायचे?

माझ्या मते आपली वाचण्याची रीतच चुकते. टिळकांपूर्वी मराठी ख्रिस्ती उपासनेत परदेशी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांचे वर्चस्व होते. नगरकडच्या मंडळीत बहुतेक माणसे गावकुसाबाहेरून आलेली. टाळ-मृदंग त्यांच्या कानांत होता, पण तो उपासनेत क्वचितच यायचा. टिळकांनी त्यांना अभंग दिला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. पुनरुक्ती हा छापील कवितेचा दोष असेल, पण चाळीस गळ्यांतून फिरणाऱ्या ध्रुपदाचा तो प्राण आहे. ज्याला नीट अक्षर येत नाही त्यालाही दुसऱ्या आवर्तनाला सूर मिळतो, आणि त्या सुरात कवीचा 'मी' विरघळून जातो.

तरी एक उणीव गाण्यानेही भरून निघत नाही. तुकोबा देवाशी भांडतात. टिळक सहसा भांडत नाहीत. त्यांच्या अभंगांत बंधुभाव जणू झालेलाच असतो. तो होताना काय सोसावे लागले, याचा पत्ता लागत नाही.

तो पत्ता लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त लागतो. नवऱ्याकडे परतल्यावरही बाई सोवळे सांभाळून राहिल्या. मग माणसामाणसांतला हा भेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाशी त्या एकट्याच झगडल्या, आणि कुणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय केला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. भक्ती वाढते ती अशी, चुलीपाशी आणि पाण्याच्या हंड्यापाशी! अभंगात न आलेले भांडण बाईंनी हसत-हसत गद्यात लिहून ठेवले आहे.

टिळकांनाही ही उणीव जाणवली असावी. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही तेथे जागा होती. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. अभंग मात्र आजही उपासनेत गायिले जातात.

फराळ आटोपल्यावर घरात पेटी असेल तर ती काढावी. चाल ठाऊक नसली तरी अभंगाचा ठेका मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. दोन-चार अभंग मोठ्याने म्हणावेत, मुलांना मागून म्हणू द्यावे, आणि मग 'स्मृतिचित्रे' उघडावीत.