कोलाहल आणि चाल : ‘द जीझस अँड मेरी चेन’ या स्कॉटिश बँडच्या उदयकाळातील वृत्तपत्रीय प्रतिक्रियांची चिकित्सा

प्रास्ताविक

लोकप्रिय संगीताच्या परीक्षणांकडे आपल्या विद्यापीठीय अभ्यासाने फारशा गांभीर्याने पाहिलेले नाही. परीक्षण म्हणजे दोन दिवसांत शिळा होणारा मजकूर, अशी समजूत त्यामागे असावी. परंतु एखाद्या नव्या कृतीभोवती पहिले शब्द कोणते उभे राहिले, यावरून ती कृती पुढे कित्येक वर्षे कशी ऐकली जाईल हे पुष्कळदा ठरून जाते. प्रस्तुत लेखात ‘द जीझस अँड मेरी चेन’ या स्कॉटलंडमधील गिटारप्रधान रॉक बँडचा १९८४-८५ हा उदयकाळ आणि त्या काळात ब्रिटिश वृत्तपत्रसृष्टीत उमटलेल्या प्रतिक्रिया यांचा विचार केला आहे. या प्रतिक्रिया स्तुतीच्या असोत वा निषेधाच्या, त्यांचा पाया एकच होता आणि तो संगीतात नव्हता, असे प्रस्तुत अभ्यासकाचे मत आहे.

पार्श्वभूमी

ग्लासगोच्या आग्नेयेस ईस्ट किलब्राइड नावाचे नगर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर शासकीय योजनेनुसार वसवलेल्या स्कॉटलंडमधील नव्या नगरांपैकी हे पहिले. त्याची घोषणा १९४७ साली झाली. विल्यम आणि जिम रीड हे बंधू येथे वाढले. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी ब्रिटनमधील बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली होती आणि रीड बंधूही बेकारच होते. वडिलांची कारखान्यातील नोकरी सुटली तेव्हा मिळालेल्या भरपाईतून त्यांनी मुलांना ३०० पौंड दिले. त्या पैशांतून घरगुती ध्वनिमुद्रणाचे एक लहान यंत्र आले आणि बंधूंनी घरातच गाणी मुद्रित करण्यास आरंभ केला. त्यांची ध्वनिफीत हस्ते परहस्ते बॉबी गिलेस्पी या तरुणापर्यंत व त्याच्याकडून लंडनमधील ‘क्रिएशन रेकॉर्ड्स’चा चालक अॅलन मॅक्गी याच्यापर्यंत पोहोचली. मॅक्गी हाही ग्लासगोचाच. जून १९८४ मध्ये बँडने लंडनमध्ये पहिला कार्यक्रम केला व नोव्हेंबर १९८४ मध्ये ‘अपसाइड डाउन’ ही पहिली तबकडी निघाली. ती स्वतंत्र कंपन्यांच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेली. डग्लस हार्टच्या बास गिटारला पुऱ्या तारा नव्हत्या. गिलेस्पी उभा राहून केवळ दोन ढोल वाजवीत असे.

येथे त्या काळच्या वाचनव्यवहाराची कल्पना असणे आवश्यक आहे. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’, ‘मेलडी मेकर’ आणि ‘साउंड्स’ ही लंडनहून निघणारी साप्ताहिके संगीतप्रेमी तरुणांच्या अभिरुचीची सूत्रे हातात धरून होती. नभोवाणीवर न वाजणारे संगीत वाचकाला प्रथम शब्दांतूनच भेटत असे. गावातल्या दुकानात तबकडी यायची ती नंतर. परीक्षण आधी येत असे. आज त्या तिघांपैकी एकही छापील साप्ताहिक उरलेले नाही. ‘साउंड्स’ १९९१ मध्ये बंद पडले, ‘मेलडी मेकर’ २००० मध्ये ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’मध्ये विलीन झाले आणि त्याचीही साप्ताहिक छपाई २०१८ मध्ये थांबली. ऐकण्याआधी वाचण्याची ती सवयच संपली असल्यामुळे तिचे बळ केवढे होते, हे आजच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागते.

दंगलीचे वृत्त

बँडचे सुरुवातीचे कार्यक्रम पंधरा-वीस मिनिटांत आटोपत. वादक प्रेक्षकांकडे पाठ करून उभे राहत. गिटारमधून कर्कश गर्जना अखंड चालू असे. त्या वेळच्या मुलाखतींत बंधूंनी या सर्वालाच तत्त्वाचे रूप दिले. पुढे मात्र गाणी थोडी होती, तयारी अपुरी होती आणि व्यासपीठावर उभे राहण्याचा संकोच वाटत होता, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. प्रेक्षक चिडत, बाटल्या फेकीत. ‘द सन’ या मोठ्या खपाच्या दैनिकाने हिंसा आणि अमली पदार्थ यांवर भर देणारा भडक मजकूर छापला आणि काही स्थानिक प्रशासनांनी बँडच्या कार्यक्रमांना आपल्या हद्दीत मज्जाव केला.

१५ मार्च १९८५ रोजी नॉर्थ लंडन पॉलिटेक्निक या शिक्षणसंस्थेत झालेला कार्यक्रम या मालिकेतील सर्वांत कुप्रसिद्ध होय. सभागृहाच्या क्षमतेपेक्षा अधिक तिकिटे विकली गेली होती. अनेक जण बाहेर अडकले होते. बँडमधील मंडळींनीच लाथा मारून दारे उघडली. ठरलेल्या वेळेनंतर तासाभराहून अधिक उशिराने बँड व्यासपीठावर आला आणि वीस मिनिटांच्या आतच निघून गेला. त्यानंतर प्रेक्षकांनी वाद्ये, ध्वनियंत्रणा, दिवे यांची मोडतोड केली.

या घटनेची कारणे पाहिली तर ती बरीचशी व्यवस्थेतील आहेत. जादा तिकिटे, बंद दारे, विलंब आणि तुटपुंजा कार्यक्रम एवढे एकत्र आल्यावर कोणत्याही सभागृहात गोंधळ होईल. महाविद्यालयीन स्नेहसंमेलनाची जबाबदारी ज्या सहकाऱ्यांनी कधी सांभाळली असेल त्यांना हे निराळे सांगण्याची गरज नाही. परंतु मॅक्गीने त्यानंतर जे निवेदन काढले त्यात त्या रात्रीची गणना कलेत केली होती आणि त्यासाठी दहशतवादाची उपमा वापरली होती. दैनिकांनी त्याच रात्रीची गणना गुन्ह्यांत केली. साप्ताहिकांचे रसिक परीक्षक या दोन टोकांच्या मध्ये उभे राहिले खरे. पण त्यांनीही चर्चेचा विषय बदलला नाही. दंगल चांगली की वाईट, एवढाच वाद उरला. त्या वीस मिनिटांत कोणती गाणी झाली आणि ती कशी होती, हा प्रश्न बाजूला पडला.

‘नवे सेक्स पिस्टल्स’

या काळातील लेखनात वारंवार आढळणारे दुसरे सूत्र म्हणजे ‘सेक्स पिस्टल्स’शी केलेली तुलना. १९७६-७७ साली या बँडने पंक संगीताची लाट आणली आणि दूरदर्शनवरील एका मुलाखतीतील अर्वाच्य भाषेमुळे तो राष्ट्रीय खळबळीचा विषय झाला. त्या बँडचा व्यवस्थापक माल्कम मॅक्लारेन हा आपला आदर्श होता, हे मॅक्गीने लपवून ठेवले नाही. म्हणजे तुलना आधी व्यवस्थापकाच्या मनात तयार झाली आणि वृत्तपत्रांनी ती उचलली. परीक्षकाने ती स्वतः शोधून काढली असती तर तिला काही मोल आले असते. येथे मात्र जाहिरातीचे वाक्य समीक्षेच्या पोशाखात वावरत होते.

शिवाय ही तुलना तपासली तर ती टिकत नाही. ‘सेक्स पिस्टल्स’चे शब्द राजसत्ता, समाज, उद्योगजगत यांच्याशी उघड भांडतात. रीड बंधूंची गाणी भांडत नाहीत. ती प्रेमाची, आसक्तीची, स्वतःविषयीच्या तिरस्काराची गाणी आहेत. त्यांत मध आहे, मिठाई आहे, मोटारसायकली आहेत. ब्रिटनमधील खाणकामगारांचा वर्षभर चाललेला संप ३ मार्च १९८५ रोजी संपला आणि बाराच दिवसांनी पॉलिटेक्निकची ती रात्र आली. काळाच्या या सान्निध्यामुळे दंगलीत राजकारण पाहण्याचा मोह होतो, तो प्रस्तुत अभ्यासकालाही झाला होता. गाणी ऐकल्यावर तो आवरावा लागला.

प्रत्यक्ष संगीत

आता जे बाजूला पडले त्याकडे वळू. विद्युत गिटार तिच्याच ध्वनिवर्धकासमोर धरली की वर्धकातून निघालेला आवाज गिटारच्या तारा पुन्हा ग्रहण करतात, तो पुन्हा वर्धित होतो, आणि हे चक्र चालू राहून एक तीक्ष्ण, लांबट किंकाळी निर्माण होते. यालाच फीडबॅक म्हणतात. सभेत ध्वनिक्षेपक कर्ण्याच्या समोर आला म्हणजे जी शीळ ऐकू येते तीही याच तत्त्वावर. वादक सामान्यतः ती टाळतात किंवा क्षणापुरती वापरतात. विल्यम रीडने तिला गाण्यात कायमची जागा दिली.

पण कशावर? नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेल्या ‘सायकोकँडी’ या पहिल्या संग्रहात चौदा गाणी आहेत आणि ती सारी मिळून चाळीस मिनिटांचीही होत नाहीत. त्यातील पहिले, ‘जस्ट लाइक हनी’, सुरू होते ते ढोलाच्या एका प्रसिद्ध ठेक्याने. १९६३ सालच्या ‘द रोनेट्स’ या मुलींच्या गायकसंचाच्या ‘बी माय बेबी’ या गाण्याचा, म्हणजे निर्माता फिल स्पेक्टर याच्या ध्वनिजगाचा, तो ठेका आहे. त्यावर जिम रीड जवळजवळ पुटपुटल्यासारखा, अत्यंत साध्या चालीत गातो. चाल इतकी सरळ की एकदा ऐकून गुणगुणता यावी. स्वरावली मोजक्या, कडवी आखूड, गाणे तीन मिनिटांचे. म्हणजे रचनेचा सांगाडा अमेरिकेतील साठच्या दशकातील गोड, हळव्या गीतांचा, आणि त्यावर विल्यमच्या गिटारचा खरखरीत थर. आवाजाचा हा थर काही गाण्यांत चालीला झाकून टाकतो, तर काहींत तिच्यापासून अलग, पार्श्वभूमीवर कोसळणाऱ्या पावसासारखा चालत राहतो. ‘नेव्हर अंडरस्टँड’ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरच्या गाण्याला शोभेल अशी उल्हसित चाल आहे. ती ऐकू येण्यासाठी कानाला श्रम पडतात, आणि त्या श्रमातच गाण्याचा आनंद आहे.

हा कोलाहल चालीचा शत्रू नाही, असे माझे म्हणणे आहे. जिमच्या आवाजातील हळवेपणा उघडा पडला असता तर ती गाणी कदाचित भाबडी वाटली असती. गर्जनेच्या आडोशामुळे त्याला कोवळे बोलता येते. लाजाळू मनुष्य गर्दीत जसा मोकळेपणाने गातो, तसेच काहीसे हे आहे. मग प्रेक्षकांकडे पाठ करणे आणि हा आवाज यांत एक नाते दिसू लागते आणि त्यास उद्धटपणा म्हणणारे परीक्षण फार उथळ वाटू लागते.

न्यायाच्या दृष्टीने हेही नोंदवले पाहिजे की साप्ताहिकांतील काही परीक्षकांनी संग्रह आल्यावर ‘वेल्व्हेट अंडरग्राउंड’, ‘बीच बॉइज’, स्पेक्टर ही नावे घेऊन चालीचे श्रेय मान्य केले आणि वर्षअखेरच्या याद्यांत ‘सायकोकँडी’स वरचे स्थान दिले. पहिल्या तबकडीपासून बँडला उचलून धरणारीही हीच साप्ताहिके. त्यांच्या उत्साहाविना रीड बंधूंचा आवाज ईस्ट किलब्राइडबाहेर गेला असता की नाही, शंकाच आहे. मात्र तिथेही पूर्वसुरींची यादी देणे म्हणजेच ऐकणे, अशी गफलत दिसते. दोन नावांची बेरीज करून तिसऱ्याचे वर्णन करण्याची ही पद्धत आपल्या साहित्यसमीक्षेलाही अपरिचित नाही.

याचा परिणाम १९८७ मध्ये दिसला. ‘डार्कलँड्स’ या दुसऱ्या संग्रहात फीडबॅक जवळपास काढून टाकला होता. विक्रीयादीत ‘सायकोकँडी’ ३१व्या क्रमांकापर्यंत गेला होता; ‘डार्कलँड्स’ पाचव्या क्रमांकावर पोहोचला. चाली आता उघड्यावर होत्या. तरीही आवाज हरवल्याची, धार गेल्याची तक्रार निघालीच. ज्यांनी गोंगाटालाच बँडचे सर्वस्व ठरवले होते त्यांना दुसरे काही म्हणता येणे शक्य नव्हते.

स्कॉटिश असणे

एक गोष्ट आश्चर्याची वाटते. स्कॉटलंडमधून येणाऱ्या गिटारवादकांना लंडनची पत्रे सहसा त्यांच्या प्रदेशासह स्वीकारीत. डनफर्मलिन परिसरातील ‘बिग कंट्री’ या बँडचा ‘द क्रॉसिंग’ हा संग्रह १९८३ मध्ये आला तेव्हा त्यांच्या गिटारांना बॅगपाइपची उपमा मिळाली आणि ती उपमा त्यांना कायमची चिकटली. रीड बंधूंच्या बाबतीत अशी सोय नव्हती. त्यांच्या संगीतात डोंगर नव्हते, लोकगीत नव्हते. गाण्यातले उच्चारही अमेरिकी वळणाचे. प्रादेशिक साचा लागू पडेना, म्हणून दंगलीचा साचा अधिकच घट्ट बसवला गेला असावा. कारखाना, बेकारी, शासनाने आखून दिलेले रस्ते आणि खोलीत बसून ऐकलेल्या अमेरिकी तबकड्या यांतून आलेले हे स्कॉटलंड परीक्षकांच्या ओळखीचे नव्हते.

२००८ मध्ये ग्लासगोच्या पूर्व भागातील ‘ग्लासवेगास’ या बँडच्या वेळी चित्र उलटे झाले. जेम्स अॅलन खास ग्लासगोच्या उच्चारांत गात होता. त्याच्यामागेही मॅक्गीचा पाठिंबा होता. परीक्षणांत शहराचे दारिद्र्य, गायकाचे उच्चार, आणि अपेक्षेप्रमाणे फिल स्पेक्टर व ‘द जीझस अँड मेरी चेन’ ही दोन नावे आली. त्या वर्षी बँडचा पहिला संग्रह विक्रीयादीत दुसरा आला. २०११ मधील दुसरा संग्रह दहाव्या क्रमांकापर्यंतच गेला आणि पत्रांचे लक्ष तोवर दुसरीकडे वळले होते. १९८५ मध्ये ज्यांना पूर्वसुरींच्या यादीत घुसमटावे लागले, ते २००८ मध्ये स्वतःच दुसऱ्याच्या यादीतील एक नाव झाले होते.

नोव्हेंबर २०१४ मध्ये ग्लासगोच्या बॅरोलँड सभागृहात रीड बंधूंनी ‘सायकोकँडी’ आरंभापासून अखेरपर्यंत वाजवला. १९८५ मध्ये पंधरा-वीस मिनिटांत संपणारा कार्यक्रम या वेळी पूर्ण झाला. चौदाही गाणी झाली.