मक्यातही रुबिस्कोच असते

लासलगाव म्हटले की कांदा आठवतो. पण तिथल्या शिवारात मका आणि बाजरीही असते, बांधावर निवडुंग दिसतो. कांदा सी-३, मका-बाजरी सी-४ आणि निवडुंग ‘कॅम’. प्रकाशसंश्लेषणाच्या तिन्ही पद्धती एकाच शिवारात!

पुष्कळ मार्गदर्शकांत यासाठी सुटसुटीत तक्ता असतो: सी-३ पुढे ‘रुबिस्को’, सी-४ पुढे ‘पेप कार्बॉक्सिलेज’. तो चटकन पाठ होतो. पण मक्याने रुबिस्को टाकून दुसरे विकर घेतले, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. आमचा आक्षेप यालाच आहे.

तिन्ही वनस्पतींत साखरेसाठी कार्बन शेवटी रुबिस्कोच बांधते. हे विकर मंद आहे. त्याचे एक क्रियास्थान सेकंदाला जेमतेम तीन-चार रेणू बांधते. शिवाय ते चुकून ऑक्सिजनही पकडते आणि मग प्रकाशश्वसनात बांधलेला काही कार्बन निसटतो. उन्हाळ्यात हा तोटा वाढतो. पेप कार्बॉक्सिलेज ऑक्सिजनला फसत नाही. मक्याच्या पानात ते बाहेरच्या पेशींत आम्ल तयार करवते. हे आम्ल शिरेभोवतीच्या पेशींत पोचले की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तिथल्या रुबिस्कोभोवती दाटतो. म्हणजे पेप कार्बॉक्सिलेज हा रुबिस्कोचा बदली कामगार नव्हे, त्याला माल पुरवणारा हमाल आहे. निवडुंगात हेच काम वेळेने विभागलेले असते: रात्री आम्ल साठवायचे, दिवसा पर्णरंध्रे मिटून ते वापरायचे.

रुबिस्कोही सर्वत्र सारखे नसते. मक्यातले अधिक वेगवान असते, पण कार्बन डायऑक्साइडवरची त्याची पकड ढिली असते. पुरवठा मुबलक असल्याने ते चालून जाते.

‘सी-४ श्रेष्ठ’ हा शेराही आम्हांला पटत नाही. मक्याला प्रत्येक कार्बनमागे एटीपीचे सुमारे दोन रेणू जादा लागतात. थंडीत प्रकाशश्वसन कमी असते. तेव्हा रब्बीच्या कांद्याला हा खर्च न करणेच परवडते.

तक्ता पुसू नये. त्यात ‘कुठे’ आणि ‘केव्हा’ हे दोन रकाने वाढवावेत. सोबत एक प्रयोगही करावा. पानफुटीची पाने सकाळी आंबट असतात, दुपारी नसतात, हे भारतात राहिलेल्या बेंजामिन हायने यांचे निरीक्षण १८१५ मध्ये प्रसिद्ध झाले. चव न घेता, पहाटे आणि दुपारी तोडलेल्या पानांचा रस पीएच कागदावर तपासावा. ‘केव्हा’चा रकाना विद्यार्थी स्वतःच भरतील.