रिकाम्या स्टुडिओतील विप्रलंभ

चित्रपटातील प्रणयभावाच्या चर्चेत प्रकाशयोजना आणि नेपथ्य यांना सामान्यतः उद्दीपन विभावाचे दुय्यम स्थान दिले जाते. आधीच सिद्ध असलेला भाव चांदण्याने, उद्यानाने तीव्र करावा, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा असते. गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’ (१९५९) मधील रिकाम्या स्टुडिओचे दृश्य ही धारणा अपुरी ठरवते.

येथे गीत पार्श्वभूमीवरच राहते. सुरेश वा शांती यांच्या ओठी ते येत नाही. परिणामी भाव व्यक्त करण्याची जबाबदारी मुख्यतः प्रकाशावर येते. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी आरशांच्या साहाय्याने सूर्यप्रकाश वळवून काळोख्या स्टुडिओत तिरपा झोत आणला. सिनेमास्कोपच्या रुंद चौकटीत दोघांमधील अंतर ठळक होते. त्यांच्या छायाकृती देहांतून निघून झोतात भेटतात. देह मात्र जागीच राहतात. मीलन आणि विरह अशा रीतीने एकाच चौकटीत साकारतात.

एम. आर. आचरेकर या चित्रपटाचे कलादिग्दर्शक होते. प्रस्तुत दृश्यात मात्र सजावटीचा अभाव हेच नेपथ्य ठरते. दिग्दर्शक आणि अभिनेत्री यांचे हे प्रेम आभासनिर्मितीच्या व्यवसायातच जन्मलेले आहे. आभास ओसरल्यावर उरलेली ओकी वास्तू त्याची असंभाव्यता सांगते. प्रकाश सूर्याचा, तरी आरशांनी घडवलेला. शीर्षकातील कृत्रिम फुलांशी त्याचे नाते येथेच जुळते. म्हणूनच प्रकाश आणि अवकाश यांना येथे केवळ उद्दीपक म्हणता येत नाही. विप्रलंभाचा आशयच त्यांच्यातून सिद्ध होतो.