कुलूप उघडून दाखवणारी प्रयोगशाळा

लोह्यासारख्या तालुक्याच्या गावी संगणक-सुरक्षेचा अभ्यास बहुधा व्याख्या पाठ करूनच होतो. वहीत व्हायरसचे प्रकार उतरवले, सही झाली, की प्रात्यक्षिक संपले! ही सवय मनात ठेवूनच आम्ही 'सीड लॅब्ज' हा प्रयोगसंच पाहिला. अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक वेन्लियांग डू यांनी २००२ मध्ये त्याची सुरुवात केली. तो विनामूल्य मिळतो.

यात विद्यार्थी खराखुरा हल्ला करतो, पण आपल्याच संगणकात उभारलेल्या दुसऱ्या, आभासी संगणकावर. तो बिघडला तर पुसून पुन्हा उभा करता येतो. एक प्रयोग पाहा. एका काल्पनिक कंपनीची कर्मचारी-नोंदवही संगणकावर आहे. आत शिरायला नाव आणि परवलीचा शब्द लागतो. नावाच्या चौकटीत नावापुढे एक अवतरणचिन्ह आणि 'यापुढचे वाचू नका' अशा अर्थाची खूण टाकली, की परवलीचा शब्द तपासण्याचा भागच संगणक सोडून देतो. पुढे ॲलिस नावाची कर्मचारी टोपणनावाच्या चौकटीतून स्वतःचा पगार वाढवते आणि साहेबांचा एका डॉलरवर आणते! मुले हसतील, हसू द्यावे. मग विचारावे, चूक कोठे झाली? माहिती म्हणून घेतलेली अक्षरे संगणकाने आज्ञा म्हणून वाचली. म्हणून शेवटी विद्यार्थ्याला आज्ञावली दुरुस्त करावी लागते: आज्ञेचा साचा आधी पक्का होतो, अक्षरे नंतर त्यात केवळ माहिती म्हणून भरली जातात. आमच्या मते सगळा संच या शेवटच्या पायरीसाठी घ्यावा.

'मुलांना चोरी शिकवायची का?' ही शिक्षकांची शंका रास्त आहे. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याविरुद्ध आहे, हे पहिल्याच तासाला सांगावे. परदेशी संच ते सांगणार नाही. पण ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून संगणकाच्या वाटेने सुमारे ९४ कोटी रुपये गेले. अशा बँकांत उद्या कामाला लागणाऱ्या मुलांनी हल्ला कसा होतो हे कधी पाहायचे?

दोष आहेतच. स्मृतीच्या मर्यादेबाहेर लिहिण्याच्या प्रयोगात विद्यार्थ्याला आधी संगणकाची संरक्षणे स्वतः बंद करावी लागतात. ती पुन्हा चालू करून पाहणे पुढच्या पायऱ्यांत आहे; घाईत त्या गाळल्या, तर 'संगणक फोडणे सोपे' एवढेच डोक्यात राहते. सूचना इंग्रजीत आहेत, सी भाषा व लिनक्स येते असे गृहीत आहे. फायली काही जीबींच्या. त्या एकदा नांदेडहून पेनड्राइव्हवर आणलेल्या बऱ्या. आणि उत्तरे इंटरनेटवर तयार मिळतात, म्हणजे पुन्हा उतरवणे आलेच! त्यावर आम्हाला एक उपाय दिसतो. शिक्षकाने नोंदवहीतील रकान्यांची नावे बदलावीत आणि तोंडी परीक्षेत तेथेच प्रयोग करायला सांगावा.